पक्षी सोडू नका, डॉक्टरांना मात्र सांगा

वाचकाचे पत्र:

"डॉक्टर, नमस्कार. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहतो. घरात मी, हे (वय ६८), मुलगा-सून आणि आठ वर्षांचा नातू. दिवाळीनंतर नातवाच्या हट्टापायी कॉकाटील पक्ष्यांची (तुरेवाल्या लहान पोपटांची) जोडी आणली. पिंजरा माजघरात, झोपाळ्याशेजारी असतो. त्यातला नर आल्यापासून सुस्तच आहे, पिसे फुगवून एका कोपऱ्यात बसतो. वासी उत्तरायणाला (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी) यांना गच्चीवर मांज्याने पंख कापलेले कबूतर सापडले. खोक्यात ठेवून चार दिवस हळद लावली, पाणी पाजले, पण गेलेच बिचारे. आता आठवडाभर यांना ताप आहे, डोके ठणकते, कोरडा खोकला आहे. जवळच्या दवाखान्यातून अमॉक्सिसिलिन आणले, चार दिवस झाले, उतार नाही. भाच्याने मोबाइलवर पाठवले की पक्ष्यांपासून पॅरट फीवर होतो. आणखीही काही वाचून दाखवले, ते इथे लिहिण्यासारखे नाही. तेव्हापासून जाऊबाईंनी धोशा लावला आहे की पक्षी कमाटी बागेत सोडून या आणि सुनेला (पाचवा महिना आहे) माहेरी पाठवा. मुलगा म्हणतो, सगळे थोतांड आहे. मी कोणाचे ऐकू? आणि नातवाला काय सांगू?"

ताई, नमस्कार.

पत्र हातात पडले त्याच दिवशी तुम्हाला फोन केला, कारण आठवडाभर तापाने फणफणलेल्या माणसाला सदरातल्या उत्तराची वाट पाहायला लावणे बरे नव्हे. तेव्हा घाईत जे बोललो ते इथे नीट लिहितो. उत्तरायण झाले की बडोद्यात बऱ्याच घरांत कुठल्या ना कुठल्या खोक्यात एखादे कबूतर असतेच, त्यामुळे इतरांच्याही उपयोगी पडेल.

फोनवर यजमानांना एक वाक्य पाठ करायला सांगितले होते: "घरात दोन-अडीच महिन्यांपासून नवे पक्षी आहेत, त्यातला एक आजारी दिसतो, आणि ताप येण्याच्या आठ-दहा दिवस आधी मी जखमी कबूतर हाताळले." डॉक्टरांसमोर बसल्यावर हे पहिल्या मिनिटात सांगायचे आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावायचे. या आजाराचे अर्धे निदान त्या वाक्यात आहे. ताप, थंडी, अंगदुखी, असह्य डोकेदुखी, कोरडा खोकला ही लक्षणे फ्लूची, डेंग्यूची, टायफॉइडची कशाचीही असू शकतात. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर साखर विचारतील, रक्तदाब विचारतील, विडी-सिगारेट विचारतील. पक्ष्यांचे क्वचितच कोणी विचारते, आणि पेशंटला वाटते, त्यात काय सांगायचे.

पॅरट फीवर या आजाराचे वैद्यकीय नाव सिटाकोसिस, जंतू क्लॅमिडिया सिटासी. भाच्याने नुसते "क्लॅमिडिया" शोधले असणार, म्हणून त्याच्यासमोर लैंगिक संबंधांतून होणारा आजार आला. तो या जंतूच्या भाऊबंदाचा उद्योग, हा वेगळा. यजमानांकडे कोणी तिरक्या नजरेने पाहू नये.

हा जंतू आपल्या पेशीच्या आत शिरून तिथेच वाढतो, घरात शिरून आतून कडी लावून घेतलेल्या चोरासारखा. अमॉक्सिसिलिनच्या जातीची औषधे जंतूच्या भिंतीवर घाव घालतात. याची भिंत नेहमीच्या जंतूंसारखी नाही, आणि ते औषध पेशीच्या आत पुरेसे पोचतही नाही. म्हणून चार दिवस गोळ्या घेऊनही पारा हलला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. पक्ष्यांचे कळलेच नव्हते तर नेहमीच्या खोकल्या-तापावर त्यांनी नेहमीचे औषध दिले.

पक्ष्याचा संबंध आल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप येतो, कधी आणखी उशिराही. कबूतर १५ जानेवारीला आले, १९ ला गेले, ताप २५ च्या सुमारास सुरू झाला. हिशेब जुळतो. पण माजघरातला नर कॉकाटील नोव्हेंबरपासून पिसे फुगवून बसलेला असताना सगळा आळ मेलेल्या कबुतरावर घालणे मला पटत नाही.

परवा तुम्ही कळवलेत की एक्स-रेत उजव्या फुप्फुसात खालच्या बाजूला डाग दिसला, डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू केले आणि दुसऱ्या रात्री ताप उतरला. उत्तम. या आजारात ते पहिल्या पसंतीचे औषध, आणि बहुतेकांना एक-दोन दिवसांत फरक जाणवतो. म्हणून हा सिटाकोसिसच होता असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण असाच न्यूमोनिया करणारे दुसरेही जंतू याच औषधाला दबतात. खात्री हवी तर सुरुवातीलाच घशाच्या किंवा थुंकीच्या नमुन्याची पीसीआर, नाहीतर काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त काढून प्रतिपिंडांची पातळी चौपट वाढली का ते पाहणे. दुसरा मार्ग संशोधकांना बरा, पेशंट तोवर घरी जाऊन लग्नकार्येही उरकतो. अशा रुग्णात डॉक्टर संशयावरून औषध सुरू करतात आणि तेच शहाणपणाचे आहे. प्रतिजैविके येण्यापूर्वी या आजारात शंभरातले पंधरा-वीस रुग्ण दगावत. आज योग्य औषध वेळेवर मिळाले तर शंभरात एखादाही क्वचित.

गोळ्यांचे जरा लक्षात घ्या, कारण बरे वाटले की घोळ इथेच होतो. ताप उतरला म्हणून पाकीट कपाटात टाकायचे नाही; डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्यायची, नाहीतर आजार उलटतो. गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. घशाखाली अडकली तर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. दुधाबरोबर नको. कॅल्शियम, लोह आणि अ‍ॅसिडिटीची औषधे यांच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवा. दुपारच्या उन्हात गच्चीवर बसू नका, या औषधाने कातडी लवकर भाजते. आणि धाप लागली, ओठ निळसर दिसले, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा ते असंबद्ध बोलू लागले तर सरळ मोठे रुग्णालय गाठायचे, सयाजी रुग्णालय किंवा जे जवळ असेल ते. क्वचित हा जंतू हृदयाच्या झडपांपर्यंत, यकृतापर्यंत जातो.

त्यांची ताटवाटी वेगळी करू नका. माणसाकडून माणसाला हा आजार फारच क्वचित जातो.

आता पक्ष्यांकडे येऊ. जाऊबाईंना वाटते दोष पक्ष्याच्या अंगात आहे, मुलाला वाटते कुठेच नाही. तो असतो वाळलेल्या विष्ठेच्या, नाकाडोळ्यांतल्या पाण्याच्या आणि पिसांच्या धुळीत. आजारी पक्षी जंतू बाहेर टाकतो, ते वाळतात, वाऱ्याने उडतात आणि आपण श्वासाबरोबर घेतो. पक्ष्याने टोचले किंवा तोंडातला दाणा त्याला भरवला तरी लागण होऊ शकते, पण मुख्य रस्ता श्वासाचा. म्हणून पक्ष्याला हातही न लावलेला माणूस आजारी पडतो आणि सगळ्यांना कोडे पडते.

१९३० साली अमेरिकेत हे कोडे सरकारी प्रयोगशाळेलाच पडले होते. १९२९ च्या नाताळात मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस गावात एका गृहस्थाने पत्नीला भेट म्हणून पोपट आणला. पोपट मेला आणि घरातली माणसे विचित्र न्यूमोनियाने आजारी पडली. वॉशिंग्टनच्या हायजिनिक लॅबोरेटरीत डॉ. चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहायक हेन्री अँडरसन यांनी तळघरात आजारी पोपटांवर काम सुरू केले. अँडरसन त्यातच दगावले, आर्मस्ट्राँगही मरता मरता वाचले, आणि मग ज्यांनी पक्ष्यांना हात लावला नव्हता असे त्या इमारतीतले कर्मचारी आजारी पडू लागले. शेवटी संचालक जॉर्ज मॅकॉय यांनी पक्षी मारून इमारत धुरी देऊन बंद केली. त्याच वर्षी लंडनमध्ये सॅम्युएल बेडसन यांनी या रोगाचे मूळ शोधले. बारीक गाळणीतूनही पार होणारा हा जीव पुढे बरीच वर्षे विषाणू समजला जात होता.

ते तळघर आठवा आणि मग तुमच्या माजघराकडे पाहा. पिंजरा झोपाळ्याशेजारी, वर पंखा, सकाळी झाडू. कॉकाटीलच्या अंगावरून पांढरी भुकटी झडते, निरोगी पक्ष्याचीही झडते. फोनवर तुम्ही सांगितलेत की टीव्हीच्या काळ्या काचेवर रोज पिठासारखा थर बसतो आणि तुम्ही तो कोरड्या फडक्याने झटकता. ताई, हे झटकणे आजपासून बंद. फडके ओले हवे.

पिंजरा साफ करण्याचे काम मुलाकडे द्या. थोतांड म्हणणाऱ्याला मास्क लावून बसवण्यात मला थोडा आनंद आहे खरा, पण कारण तेवढेच नाही: घरात धडधाकट माणूस तोच आहे. मास्क एन-९५ हवा, नाकाला बांधलेला रुमाल नव्हे. हातमोजे घालायचे. आधी पंखा बंद करायचा आणि पक्षी दुसऱ्या छोट्या पिंजऱ्यात, दुसऱ्या खोलीत न्यायचे. तळाच्या वर्तमानपत्रावर फवारणीच्या बाटलीने साबणाचे पाणी मारायचे आणि कागद चिंब भिजू द्यायचा. मग चारी कोपरे आत घेत घडी करून पिशवीत घालायची आणि गाठ मारायची. काही उडालेले दिसले तर भिजवायला घाई झाली असे समजायचे. ट्रे आणि दांड्या साबणाने घासून घ्यायच्या, मग एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे घरगुती ब्लीच घालून त्या पाण्याने ओल्या करून दहा मिनिटे ठेवायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. क्रम महत्त्वाचा, कारण घाण तशीच असेल तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडते. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. फिनाइल नको, त्याचा वास पक्ष्यांना सोसत नाही. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही त्या कोपऱ्यापासून लांब. कागद रोज बदला, कारण शी वाळायच्या आत उचलली तर निम्मी भीती तिथेच संपते. आणि पिंजरा माजघरातून हलवा. हवेशीर, कठडा असलेला व्हरांडा चालेल. स्वयंपाकघराजवळ मात्र नको.

कमाटी बागेत सोडून यायचे म्हणजे काय ते जाऊबाईंना समजावून सांगा. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पिंजऱ्यात जन्मलेले. बागेतले कावळे आणि मांजरे त्यांना दोन दिवसही जगू देणार नाहीत. वर, आजारी पक्षी बाहेर सोडणे म्हणजे आपला आजार गावाला वाटणे.

पक्षी पशुवैद्याकडे न्या, तोही पक्षी तपासणारा बघा. गाई-म्हशींच्या डॉक्टरांना पक्ष्यांचा सराव असेलच असे नाही. नेताना पिंजऱ्यावर ओलसर कापड टाका. पिसे फुगवणे, सुस्ती, दाणा कमी खाणे, डोळ्यांच्या कडा चिकटणे, श्वास घेताना शेपटी वरखाली होणे, लिंबासारखी हिरवी-पिवळी शी, यांतले काय काय दिसते ते लिहून न्या. शीचा मोबाइलवर फोटो काढून नेलात तरी चालेल, पशुवैद्य हसणार नाहीत. मादी ठणठणीत दिसते म्हणून तिला घरी ठेवू नका. हा जंतू महिनोन्‌महिने पक्ष्याच्या अंगात गुपचूप राहतो आणि प्रवास, उपासमार, गर्दी असा ताण पडला की बाहेर पडू लागतो. दुकानातल्या दाटीवाटीच्या पिंजऱ्यांतून आलेल्या पक्ष्याला तर सगळेच ताण पडलेले असतात. पशुवैद्य औषध देतील तेही बहुधा डॉक्सिसायक्लिनच, पण पक्ष्यांना ते सहसा ४५ दिवस चालते. त्या काळात पिंजऱ्यातला समुद्रफेस काढायला सांगतील, कारण कॅल्शियममुळे पक्ष्याच्या पोटातही औषध शोषले जात नाही. यजमानांची उरलेली कॅप्सूल फोडून पाण्याच्या वाटीत घालण्याचा उद्योग कोणी करू नये.

पुढे कधी नवा पक्षी आणलात तर पहिले ३० दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवा. आणि तेव्हा दुकानदार हळूच हिरवा मिठू दाखवू लागला तर घेऊ नका. आपला देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो आपल्याकडच्या कितीही ओसऱ्यांवर "विठ्ठल विठ्ठल" म्हणत असो.

कबुतराबद्दल तुमच्या मनात अपराधीपणा दिसतो, तो काढून टाका. जखमी जीव उचलला यात वावगे काही नाही. पुढच्या वर्षी मात्र हळद लावून घरात ठेवू नका. १० ते २० जानेवारीला जखमी पक्ष्यांसाठी गुजरातच्या वनखात्याचे करुणा अभियान चालते, आणि एरवीही १९६२ या क्रमांकावर प्राण्यांची रुग्णवाहिका मिळते. उचलताना जुना टॉवेल अंगावर टाकून धरायचे, झाकण असलेल्या भोके पाडलेल्या खोक्यात ठेवायचे आणि पुढे द्यायचे. ते खोके अजून जिन्याखाली असेल तर भिजवून, पिशवीत बांधून टाका.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चबुतरा (पक्ष्यांना दाणे टाकायची जागा) आहे असे म्हणालात. तिथे सकाळी दाणे टाकायला हरकत नाही. खालची वाळलेली शी खराट्याने झाडायचे पुण्य मात्र घेऊ नका, पाण्याने धुवा. २०२४ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातल्या पाच देशांत या आजाराचे रुग्ण वाढल्याची नोंद केली. डेन्मार्कमध्ये चार आणि नेदरलँड्समध्ये एक रुग्ण दगावला. बहुतेकांचा रानटी किंवा पाळीव पक्ष्यांशी संबंध आला होता.

खरे सांगायचे तर कबुतरांच्या बाबतीत मला सिटाकोसिसपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीची धास्ती जास्त वाटते. वर्षानुवर्षे कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ श्वासात गेली की काहींची फुप्फुसे त्या धुळीविरुद्ध पेटून उठतात. जंतू नाही, संसर्ग नाही, म्हणून प्रतिजैविकांचा उपयोग नाही. जिना चढताना लागणारा दम महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो आणि माणूस म्हणतो, वय झाले. फुप्फुसे एकदा जून झाली की पूर्वीसारखी होत नाहीत. तुमच्या गच्चीवर रोज कबुतरांना दाणे टाकणारे कोणी असेल आणि त्यांना असा दम लागत असेल, तर छातीच्या डॉक्टरांनाही पहिल्या मिनिटात कबुतरांचे सांगायचे.

सूनबाईंना लाडाने माहेरी पाठवायचे तर जरूर पाठवा, पक्ष्यांच्या धाकाने नको. पण गरोदरपणात हा आजार आई आणि बाळ दोघांनाही जड जातो, तेव्हा पिंजरा, त्याचे कागद, दाण्याच्या वाट्या यांना तिने हात लावायचा नाही आणि सफाई चालू असताना त्या भागात फिरकायचे नाही. पक्ष्यांचे औषध पुरे होईपर्यंत ती सहा-सात आठवडे दुसरीकडे राहिली तर मी नको म्हणणार नाही. तिला ताप किंवा खोकला आला तर घरगुती काढे करत बसू नका, त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठा आणि पक्ष्यांचे सांगा. गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन सहसा देत नाहीत, अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे दुसरे औषध निवडतात. यजमानांच्या गोळ्या तिच्या हाती पडू देऊ नका.

राहिला नातू. त्याला खोटे सांगू नका आणि पक्षी "गावाला गेले" असेही म्हणू नका. आठ वर्षांच्या मुलाला आजारी पक्षी म्हणजे काय ते कळते. पक्ष्यांना औषध चालू आहे, ४५ दिवस लांबून बोलायचे, खांद्यावर घ्यायचे नाही, चोचीला ओठ लावायचे नाहीत, पिंजऱ्याजवळून आले की साबणाने हात धुवायचे, एवढे पुरे. रोजच्या मात्रेची खूण कॅलेंडरवर त्यालाच करू द्या. घरात औषधाचा नेम तोच सगळ्यांत कडक पाळेल असा माझा अंदाज आहे.

आणि यजमानांचा एक्स-रे डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा काढायला सांगितला असेल, तर खोकला गेला म्हणून टाळू नका. साठीपुढच्या माणसाच्या फुप्फुसातला डाग पूर्ण गेला की नाही हे पाहावेच लागते. तारीख मार्चच्या मध्यावर येईल, होळीच्या पाहुण्यांच्या गडबडीत राहून जायची, तेव्हा आत्ताच लिहून ठेवा.